जोर कुठून येतो?

रविवार, पवना जलाशय

नवी मंडळी कयाकमध्ये बसली की आधी विचारतात, उलटलो तर सरळ कसं व्हायचं? पुढे वल्हवणं कुणाला शिकावंसं वाटत नाही. ते येतंच, असा समज. मग दंडांनी ओढाओढ सुरू होते, होडी नागमोडी जाते आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात.

खरा जोर धडाच्या वळण्यात. उजवा खांदा पुढे न्यायचा, पातं पावलाच्या रेषेत पूर्ण बुडवायचं, मग उजव्याच पायाने फूटरेस्ट दाबत धड वळवायचं. पातं पाण्यात खुंटीसारखं रोवलंय आणि आपण होडी तिथवर आणतोय, एवढं डोक्यात बसलं तरी पुरे. कमरेपाशी पातं बाहेर काढायचंच. त्यापुढे ओढलं तर पाणी वर उचललं जातं, वेग वाढत नाही.

ग्रेग बार्टन हा अमेरिकन कयाकपटू जन्मतः वाकड्या पावलांचा. त्याने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं जिंकली. म्हणून ‘पाय दुखतात’ ही सबब मला फारशी पटत नाही. (हे मी मुलांना बोलून दाखवत नाही.)

आज कोपरं न वाकवता वल्हवायला लावलं. दिसतं विचित्र, पण हात ताठ ठेवले की धड वळवण्यावाचून गत्यंतर नसतं. एक काका वैतागून म्हणाले, “अहो सर, हा तर पोटाचा व्यायाम झाला!” बरोबर जागी दुखत होतं त्यांना.