तीन लोंब्यांची वाट : शंकर नगर ते नांदेड

रायपूरचा शंकर नगर हा भाग तसा शहरी थाटाचा. रुंद रस्ते, मंत्र्यांचे बंगले, बी.टी.आय.चे मैदान आणि त्या मैदानावर भरणारे मेळे. या वस्तीत शेत शोधून सापडायचे नाही. पण कुठल्याही किराणा दुकानात डोकावावे, तर शेत पोत्यांतून समोर उभे राहते. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते उगीच नाही. दुबराज, विष्णुभोग, जीराफूल अशी एकाहून एक सुरेख नावे! आणि त्यांच्या शेजारी एक अगदीच वेगळे नाव : ‘एच.एम.टी.’

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसे आहेत. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला कारभार केला, त्यालाही अडीचशेहून अधिक वर्षे झाली. रायपूरच्या मराठी घरांत वरणाबरोबर जो बारीक, मऊ भात वाढला जातो, तो पुष्कळदा याच एच.एम.टी.चा असतो. हे नाव मनगटी घड्याळावरून आले आणि हे धान एका मराठी शेतकऱ्याच्या बांधीत जन्मले, हे मात्र जेवणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

तेवीस हजार वाणांचे कोठार

शंकर नगरपासून काही किलोमीटरवर इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. स्थापना १९८७ ची. येथे धानाच्या तेवीस हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. एवढे मोठे संग्रह जगात मोजकेच.

या संग्रहाचा पाया घातला डॉ. रा. ह. रिछारिया यांनी. कटकच्या केंद्रीय धान संशोधन संस्थेचे ते संचालक होते. १९७० च्या दशकात रायपूरला मध्य प्रदेश धान संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हा त्यांनी गावोगाव फिरून देशी वाण गोळा केले. शेतकरी अडाणी नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या निवड करणारा संशोधकच आहे, ही त्यांची ठाम धारणा होती. वाण नुसते शीतगृहात ठेवून भागत नाही. ते ज्या मातीतले, त्याच मातीत शेतकऱ्याच्या देखरेखीखाली पिकत राहिले पाहिजेत आणि तरुण शेतकऱ्यांनी तेथे येऊन शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९९६ साली ते गेले. पुढे २००२ मध्ये एका परदेशी बियाणे कंपनीशी या संग्रहाबाबत कराराची बोलणी सुरू असल्याचे कळताच छत्तीसगडात मोठा विरोध झाला आणि करार बारगळला. आपल्या आजोबा-पणजोबांचे बी आपल्याला न विचारता कुणी न्यावे, हे लोकांना रुचले नाही.

बांधावरची शाळा

शेतकरी शिकतो कुठे? वर्गात थोडेफार, पण दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून फार. सरकारी हिंदीत याला ‘प्रक्षेत्र भ्रमण’ असे भारदस्त नाव आहे. मराठीत साधा, गोड शब्द आहे, शिवारफेरी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी विदर्भात प्रसिद्धच आहे.

सेंद्रिय शेतीत तर अशा फेरीला पर्यायच नाही. रासायनिक खताच्या पोत्यावर मात्रा छापलेली असते. जीवामृताचे तसे नाही. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती ही कृती सुभाष पाळेकरांमुळे घरोघरी पोचली. पण कुणाच्या जमिनीत ते किती लागू पडले, हे त्याच्या शेतात गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून जाणता शेतकरी एका बांधीत नवा प्रयोग करतो आणि शेजारची बांधी मुद्दाम जुन्याच पद्धतीने ठेवतो. पाहुण्यांना दोन्ही दाखवतो. पाहुणे रोप उपटून मुळे बघतात, फुटवे मोजतात, माती मुठीत दाबून पाहतात आणि सर्वांत शेवटी, जरा संकोचत, खर्च विचारतात.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुजरातेतील उंबरगावजवळच्या देहरी येथे भास्कर सावे यांनी आपली ‘कल्पवृक्ष’ वाडी दर शनिवारी दुपारी पाहुण्यांसाठी खुली ठेवली होती. २०१५ साली त्यांचे निधन झाले, पण त्या शनिवारांनी किती जणांना नैसर्गिक शेतीकडे वळवले, याची मोजदाद नाही.

आता तर एकमेकांचे शेत पाहणे हाच सेंद्रिय मालाच्या प्रमाणपत्राचा एक मार्ग झाला आहे. त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्यायची तर खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही. म्हणून २०११ पासून देशात सहभागी हमी पद्धती आली. कमीत कमी पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करायची. शेजाऱ्याने चोरून युरिया टाकला तर बोट सगळ्या गटाकडे दाखवले जाते. येथे भांडवल आहे ते विश्वासाचे!

वैनगंगेच्या काठाने

रायपूरहून नागपूरकडे जाणारी गाडी पकडली, की दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड मागे टाकत गोंदिया येते. तेथून बल्लारशाकडे जाणारा फाटा धरायचा. अर्जुनी, वडसा, मग वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र, ब्रह्मपुरी आणि नागभीड. ही झाडीपट्टी. रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांची आणि मामा तलावांची. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पावसाळ्यात खिडकीतून दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या दिसतात.

प्रदेश शेजारचे, पीकही एकच, पण रीत वेगळी. छत्तीसगडात पुष्कळ ठिकाणी धान फेकून पेरतात आणि महिनाभराने, शेतात पाणी साचले की उभ्या पिकातच हलका नांगर फिरवतात. याला ‘बियासी’ म्हणतात. तण गाडले जाते, दाटी विरळ होते. झाडीपट्टीत पऱ्हे टाकून रोवणा करतात. इकडचे पऱ्हे ते तिकडचा ‘थरहा’. उभ्या पिकात नांगर घालण्याची कल्पना रोवणा करणाऱ्याला प्रथम धसका देते. पण धान कापण्यापूर्वीच ओल्या चिखलात लाखोरी, जवस फेकायची ‘उतेरा’ पद्धत निघाली, की दोघांनाही आपलेच गाव आठवते.

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे छोटे गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड ते हे नव्हे. येथे दादाजी खोब्रागडे राहत. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली ‘पटेल-३’ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुन्हा पेरल्या. हंगामामागून हंगाम ते निवड करीत राहिले. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. त्यांनी बी शेजाऱ्याला दिले, शेजाऱ्याने पुढच्याला. १९९० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव या धानाला दिले. ते धान गावांच्याच नव्हे, राज्यांच्याही सीमा ओलांडून गेले.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ साली कृषी विद्यापीठाचे ‘पी.के.व्ही.-एच.एम.टी.’ हे वाण प्रसारित झाले. आम्ही ते शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. मूळ निवड माझी, असे दादाजींचे. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या वतीने राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांनी आणखीही अनेक वाण निवडले. पण लाखो ताटांत पोचलेल्या भातातून त्यांच्या घरी संपत्ती आली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेही आजारपण आणि ओढगस्तीत.

मग बी वाटून दादाजी चुकले का? तसे म्हणता येत नाही. वाटले नसते तर तीन लोंब्या त्या बांधीतच संपल्या असत्या. उणीव होती ती नोंदीची. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याचा हक्क दिला. घरचे बी राखण्याचा, देण्या-घेण्याचा हक्कही कायम ठेवला. नगरी भागाच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही अशाच जागरूकतेतून. म्हणूनच आजच्या शिवारफेरीत पिशवीभर बियाण्याबरोबर एक वहीही हवी. कुणाच्या शेतात, कोणत्या साली, काय पाहिले, हे तिच्यात लिहिलेले हवे.

शंकर नगरात दुपारची पाने मांडली जातात. कुकरचे झाकण उघडते, वाफ दरवळते. त्या घड्याळांचा जमाना मागे पडला, पण नाव भाताला चिकटून राहिले. लेकरांनी विचारले, की हे घड्याळाचे नाव भाताला कसे, तर आईने जरूर सांगावे : वैनगंगेपलीकडे नांदेड नावाचे गाव आहे, तेथे दादाजी नावाचे एक शेतकरी होते...