आधी खूर, मग चहा

मलकापूर, श्रावण.

आज घोडी मान हलवत चालली. दुखरा पुढचा पाय टेकला की डोकं वर, दुसरा टेकला की खाली. फरशीवर चालवून कान देऊन ऐकलं, एक टाप हलकी पडत होती. खूर उचलून चिखल खरवडला. तळव्यातल्या मऊ त्रिकोणाशेजारच्या खाचेत काळपट, कुजकट राड. शाहूवाडीचा पाऊस पागेतच मुक्कामाला येतो. ओल्या जमिनीत खूर सडतो. कोरडी जागा दिली नाही, चूक माझीच.

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज याच मुलखातून विशाळगडाकडे गेले, भर पावसात. आज मला मागे खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंइतकाच त्या वाटेवरचा चिखल आठवला.

खाच धुऊन कोरडी केली, डॉक्टरांना फोन लावला. उद्यापासून रोज आधी खूर, मग चहा.