कोपीला दार नव्हतं

दिवाळी झाली की आमच्या शिरूर कासार भागातल्या वस्त्या ओस पडतात. घराला कुलूप, किल्ली म्हाताऱ्यांच्या हाती आणि बाकीचं बिऱ्हाड ट्रकमध्ये. बीड जिल्ह्यातल्या वाचकांना यापुढचं सांगायला नकोच. आमचे बा आणि माय मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर.

२००१ चा हंगाम होता. मी दहा वर्षांची, चौथीत. धाकटा भाऊ नुकताच वर्षाचा झालेला. त्याला सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून माझी शाळा दिवाळीला सुटली ती जयंतीला गावी परत आल्यावरच दिसली. तोवर परीक्षा होऊन गेली होती.

टोळी पुणे जिल्ह्यात उतरली होती. कालव्याचं पाणी, जिकडे पाहावं तिकडे ऊस. आमची कोपी फडापासून हाकेच्या अंतरावर. चार बांबू, कामट्या, पाचट आणि वर ताडपत्री. पुढच्या बाजूला मायनं जुनं लुगडं सोडलेलं, तेच दार. पहाटे तीन-चारला माय-बा फडात जायचे. मी भावाची झोळी हलवत अंधारात बसायची. हातात एक काठी असायची. ती कशासाठी होती, कोण जाणे.

ऊस बाहेरून आत तोडत नेला की आतली जनावरं मधे मधे सरकत जातात. शेवटच्या पट्ट्यात ससे, रानमांजरं, साप, डुकरं, सगळं गोळा होतं. जानेवारीत एका फडाच्या अशाच शेवटच्या पट्ट्यात आमच्या चुलतीला दोन पिल्लं दिसली. आधी तिला रानमांजराचीच वाटली. मग अंगावरचे ठिपके पाहून तिनं कोयता टाकला आणि ओरडत बाहेर आली.

गर्दी जमली. कोणी पाटी आणली. माय पुढं होऊन म्हणाली, "ठिवा तितंच. त्यांची माय येईल. पोटासाठी गेली आसंल ती, आपल्यावानीच."

ऊसतोड बाईचं कोण ऐकतो? मुकादम म्हणाला, "तुमी ऊस तोडा." पिल्लं पाटीत घालून गाडीतून कुठंतरी गेली.

त्या रात्री ती आली. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा आवाज. फडाच्या या कडेला, मग त्या कडेला, मग कोप्यांच्या मागं. बायांनी लेकरं मधे घेतली, बाप्यांनी पाचटाचा जाळ केला. तीन रात्री सगळी टोळी जागी होती आणि पहाटे तशीच फडात जात होती. तिनं माणसाला हात लावला नाही. एक कुत्रं तेवढं नेलं. चौथ्या दिवशी पिंजरा लागला, पाचव्या दिवशी ती सापडली. टेम्पोतून तिला घाटाकडं जंगलात सोडायला नेलं, असं ऐकलं. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती गोष्ट मी विसरून गेले होते. तिची आठवण करून दिली त्या झोळीतल्या पोरानं. तो पुढं शिकला, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाला. एका सुट्टीत घरी आला तेव्हा बिबट्यावरच्या संशोधनाचे कागद घेऊन आला आणि मायला ते मराठीत सांगत बसला.

जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात पिंजरे लावून बिबटे पकडले आणि दूर जंगलात सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब मांडला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीच्या भागातून पकडलेले २९ बिबटे, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडलेले. त्याआधी, १९९३ पासून, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. ही धरपकड सुरू झाल्यावर ते १७ वर गेले.

माझा विश्वास बसेना. बिबटे उचलले तर हल्ले कमी व्हायला हवेत की!

भाऊ म्हणाला, "आक्का, तुला उचलून अनोळखी गावात रात्री सोडलं तर काय करशील?" बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो. पाणी कुठं, कुत्री कुठं, माणसं किती वाजता झोपतात, हे सगळं. नव्या जागी त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो बिथरतो, परत फिरायला बघतो. इकडं रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो, तो वेगळाच.

त्यानं 'आजोबा'ची गोष्ट सांगितली. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. रस्ते, रेल्वे, वस्त्या ओलांडल्या, पण कोणाच्या अंगावर गेला नाही. २०११ मध्ये गाडीखाली मेला. त्याच्यावर पुढं सिनेमाही निघाला.

अकोले तालुक्यातला अभ्यास मला जास्त पटला. तिथं रानात कॅमेरे लावून बिबटे मोजले. जंगल नाही, हरणं नाहीत, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. तरी १०० चौरस किलोमीटरमागं पाचेक मोठे बिबटे निघाले, आणि जवळजवळ तेवढेच तरस. बिबट्याची विष्ठा तपासली तर खाण्यात सर्वांत जास्त कुत्री, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असून ११ टक्केच. लोक शेळ्या रात्री कोंडतात, कुत्री मोकळी असतात. म्हणजे हे जनावर जंगलातून वाट चुकून उसात आलेलं नाही. ते उसातच जन्मतं, उसातच वाढतं.

माय इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "म्हंजी आपल्याकडची वाघीण नेली, आन् भ्या दुसऱ्याच्या लेकराला झालं."

भाऊ म्हणाला, हो. आणि आता पिल्लं सापडली तर जुन्नरकडं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, माणसं लांब सरतात आणि रात्री मादी येऊन पिल्लं घेऊन जाते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक आणि वनखातं मिळून हे काम करतात.

"मी काय येगळं म्हनलं व्हतं?" माय म्हणाली आणि सुपातले खडे बाजूला काढू लागली.

इथवर ठीक. पण माझं भावाशी भांडण झालं ते पुढं. २०२० च्या नोव्हेंबरात आपल्याच आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. तोच मानलेला बिबट्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात गोळी घालून मारावा लागला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसं गेली, त्यात लेकरं होती. ज्याचं लेकरू गेलं त्याला ३९ टक्के आणि ११ टक्के सांगून काय उपयोग? भाऊ म्हणाला, संशोधन बिबट्याला निर्दोष म्हणत नाही. सरसकट धरून दुसरीकडं सोडल्यानं धोका कमी होत नाही, वाढतो, एवढंच म्हणतं. माणसावर चटावलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग राहतं काय, तर सावध राहणं.

सावध कसं राहायचं, तेही त्यानं वाचून दाखवलं. रात्री दार लावा. अंगणात दिवा ठेवा. लेकरांना अंधारात एकटं सोडू नका. शौचाला उघड्यावर जाऊ नका. जनावरं बंद गोठ्यात बांधा.

मी म्हटलं, "हे कोणासाठी लिहिलंय? कोपीला दार असतं का? पहाटे तीनला लेकरू एकटं नाही ठेवायचं तर कुठं ठेवायचं, मोळीवर? संडास कुठल्या फडावर पाहिलास तू?" बिबट्यासोबत राहायचं हे कबूल. पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा उचलतो तो लुगड्याच्या दारामागं निजणारा. आजोबाचे १२० किलोमीटर कोणीतरी नकाशावर मांडले. आमचा बा वीस हंगाम बीडहून गेला आला, त्याची वाट कोणी मांडली?

भाऊ काही बोलला नाही. त्या कोपीत तोही होता, पण त्याला आठवत नाही.

यंदा चुलतभाऊ, त्याची बायको आणि दोन लेकरं त्याच भागात गेली. भावानं त्यांना सौरदिवा दिला आणि पिल्लं दिसली तर काय करायचं ते दोनदा समजावलं. मायनं मागच्या खोलीचं जुनं पत्र्याचं दार बिजागऱ्यांसकट उपसून अंगणात आणून ठेवलं.

ट्रक भरला होता. मुकादम दाराकडं बघून म्हणाला, "म्हातारे, जागा न्हाई."

"मंग ज्वारीचं पोतं उतरीव," माय म्हणाली. "दार जाऊ दी."