सागरगडावरचं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याहून अलिबागला निघालो तेव्हा मुलांच्या डोक्यात फक्त समुद्र होता. किल्ल्याचा हट्ट आमचा. कुलाबा किल्ला सगळेच पाहतात, सागरगडाकडे फारसं कोणी वळत नाही. अलिबागच्या अलीकडे खंडाळे गावातून त्याची पायवाट निघते. अब्बांना आम्ही खालीच थांबा म्हटलं. ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहतोय, तर वरूनच पाहू द्या ना."

उंची जेमतेम ४०० मीटर, पण चढ खडा. धोंडाणे धबधबा पावसाळ्यात कोसळतो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कातळावर नुसती ओल होती. समोरची दरी पाहून धाकटीने विचारलं, "ही हिमनदीने कोरली का?" पुस्तकातलं चित्र तिच्या डोळ्यांपुढे असणार. आमच्यातला मास्तर जागा झाला. हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे आपल्या जालन्याच्या काळ्या दगडाचा सख्खा भाऊ. त्याला कोरलं ते पावसाने. हिमनदीने घासलेले खडक आपल्या राज्यातही आहेत, पण ते तिकडे चंद्रपूरकडे, इरई गावाजवळ, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे.

बोलता बोलता आमच्याच लक्षात आलं, खरा फरक कोरण्यात नाही, साठवण्यात आहे. हिमालयात शिखरच पाणी बर्फ करून ठेवतं आणि उन्हाळ्यात थोडं थोडं सोडतं. इथे चार महिने धो धो पडतं आणि पडलेलं बरंचसं लगेच समुद्राला मिळतं. म्हणूनच माथ्यावर पाण्याची टाकी आहेत. बर्फाचं काम दगडाने करायचं.

कड्यापलीकडे मुख्य डोंगरापासून सुटलेला सुळका, खाली अलिबागचा किनारा, दूर पाण्यात खांदेरी-उंदेरी. अब्बांनी डोळे भरून पाहिलं आणि पुन्हा टाक्यापाशी येऊन बसले. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने जालन्यात मोती तलाव बांधला, जमिनीखालून नळ टाकून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी नेलं, हे ते नातवंडांना सांगू लागले. मग २०१२-१३ चा दुष्काळ निघाला. रात्री दोनला टँकर आला की गल्लीत कशी पळापळ व्हायची, अम्मी हंड्यांवर खडूने नावं कशी लिहायची. धाकटीला यातलं काहीच आठवत नाही.

जोहरच्या नमाजसाठी बाटलीतल्या पाण्याने वजू केला, तोही हिशेबाने.

उतरताना माचीवरच्या एका बाईंनी हंड्यातलं पाणी पाजलं. आम्ही नको नको म्हणत होतो. "आता आहे," त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये आलात तर विचारीन कुणाकुणाला तहान लागलीय ते." आणि हसल्या. अब्बा मात्र हसले नाहीत.

संध्याकाळी मुलं लाटांत खेळत होती. अब्बा वाळूत बसून पुन्हा पुन्हा आम्हाला विचारत होते, माचीवर घरं किती असतील?