जांभळाची बी आणि कलाभवन

जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर गुणकारी, ही समजूत केवळ आजीबाईच्या बटव्यातली नव्हे. १९२२ साली रोग्यांस इन्सुलिन मिळू लागले. त्यापूर्वी युरोपातील वैद्यही या बिया वापरीत असत. त्यांत गॅलिक आणि एलॅजिक आम्लांसारखी द्रव्ये आहेत. अडचण निराळीच आहे. एलॅजिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पोटात गेलेल्यातले फार थोडे रक्तापर्यंत पोहोचते, आणि तेही काही तासांत निघून जाते.

यावर शोधला जाणारा उपाय आम्हांस आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने पादऱ्यास घरी येऊन समजाविला. तो बडोद्यास कलाभवनाच्या आवारात औषधनिर्माणशास्त्र शिकतो. (सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेल्या याच कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले होते.)

"साहेब, पिंडीवरची गळती पाहिलीत ना? तसे थेंबथेंब द्यायचे. तांब्या उपडा करायचा नाही," तो म्हणाला.

दह्यास आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांपासून पीएलजीए नावाचा पदार्थ करतात. शस्त्रक्रियेतील आपोआप विरघळणारे टाके याच कुळातले. हा पदार्थ आणि फळातील द्रव्य एका द्रावकात विरघळवून ते मिश्रण पाण्यात जोराने घुसळावयाचे. द्रावक उडून गेला की दीडदोनशे नॅनोमीटरचे कण उरतात. केसाच्या जाडीचा सुमारे चारशेवा हिस्सा म्हणा ना! शरीरातील पाण्याने वेष्टन झिजत जाते, आतले द्रव्य झिरपते, आणि मागे उरलेली आम्ले शरीरच निकालात काढते. लॅक्टिकचा वाटा वाढविला की झीज मंदावते. ही युक्ती आम्हांस विलक्षण वाटली.

आमच्या वडील बंधूंस मात्र त्यातून भलतेच सुचले. चौदा वर्षांचा त्यांचा मधुमेह. दर आषाढात बिया वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून बरण्या भरण्याचा शिरस्ता. शास्त्रानेच बीला मान दिला, तेव्हा आता रात्रीची गोळी बंद, असे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले.

"काका, असे करू नका," मुलगा घाईने म्हणाला. "तुमच्या बरणीत ते कण नाहीत. शिवाय या कणांचे प्रयोग अजून बहुतांशी पेशींवर आणि उंदरांवरच चालू आहेत."

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून नेमके हेच वाक्य गळते, याचा आम्हांस राग येतो. झाडाझाडाची बी सारखी नसते, चमच्यात द्रव्य किती हे कोणी मोजलेले नसते, आणि गोळी सुटली तर साखर मात्र वाट पाहत थांबत नाही.

बंधूंनी गोळी चालू ठेवली आहे. चूर्णही चालू आहे, डॉक्टरांच्या कानावर घालून. तपासणीचा कागद ते आम्हांस दाखवीत नाहीत, सूनबाईंस दाखवितात.