ब्लेझला बर्फाचा प्रसाद

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या कुठल्याही पोराला त्यातली भारी हत्यारं विचारा. नेदराइटची तलवार, पॉवर लावलेलं धनुष्य, ट्रायडंट अशी नावं धडाधड येतील. स्नोबॉलचं नाव कुणी घेणार नाही. माझ्या भाच्याच्या लेखी तर स्नोबॉल म्हणजे मेंढ्यांची खोडी काढायचं साधन. फेकला की मेंढी लाल होते, जराशी मागे सरकते आणि पुन्हा गवत खायला लागते. तिचं काडीचंही नुकसान होत नाही. गायीचं तेच, झोंबीचं तेच. या खेळात स्नोबॉलने इजा होते असा खरा शत्रू एकच, ब्लेझ.

ब्लेझ नेदरमध्ये राहतो. नेदर म्हणजे लाव्हाचे समुद्र असलेला, लाल दगडांचा पाताळलोक. हा पाताळलोक या खेळात २०१० च्या ऑक्टोबरअखेरीस आला आणि पुढच्या वर्षी त्यातले किल्ले व ब्लेझ आले. पिवळं डोकं, भोवती फिरणाऱ्या कांड्या, खाली धूर. तो हवेत तरंगतो, पेट घेतो आणि लागोपाठ तीन आगीचे गोळे सोडतो. अंगावर चिलखत नसेल तर एका गोळ्यात अडीच हार्ट जातात, वर अंगाला आग लागते ती वेगळीच. आग विझवायला बादलीतलं पाणी ओतावं, तर नेदरमध्ये त्याची जागच्या जागी वाफ होते.

दर मे महिन्यात बहिणीची दोन्ही मुलं नागपूरला माझ्याकडे येतात. दुपारी बाहेर पडायची सोय नसते, कूलर घरघरत असतो आणि मग लॅपटॉप उघडले जातात. मी आधी नुसती शेजारी बसून बघायचे. मग ‘मावशी, तू शेती सांभाळ’ म्हणत मला खेळात घेतलं गेलं आणि गहू, गाजरं माझ्या वाट्याला आली. लढायचं काम भाच्याचं, घर सजवायचं धाकटीचं.

ब्लेझशी गाठ पडली तिथे आमची गाडी अडली. खेळातल्या शेवटच्या शत्रूपर्यंत, एंडर ड्रॅगनपर्यंत पोचायचं तर एंड पोर्टलच्या बारा चौकटींत एंडरचे डोळे बसवावे लागतात आणि प्रत्येक डोळ्याला ब्लेझची पूड लागते. एका कांडीची पूड दोन डोळ्यांना पुरते. पण मारलेला प्रत्येक ब्लेझ कांडी देईलच असं नाही. म्हणजे बरेच मारावे लागणार. त्यात खरी गंमत पुढे आहे. आगीपासून वाचवणारं एक औषध खेळात आहे, ते प्यायलं की ब्लेझच्या आगीचं काही वाटत नाही. पण औषध बनवायच्या स्टँडलाच ब्लेझची कांडी लागते! ज्याच्यापासून वाचायचं, त्यालाच आधी मारून आणायचं. पुढच्या आवृत्त्यांत पिग्लिनला सोनं देऊन ते औषध मिळू शकतं, पण ते नशिबाचं काम. आमच्या पिग्लिनने सोनं घेऊन दोरे आणि खडे दिले.

भाचा लोखंडी तलवार घेऊन गेला आणि मेला. धनुष्य घेऊन गेला, पण ताणायला सेकंदभर लागतो, तेवढ्यात तीन गोळे येतात, पुन्हा मेला. प्रत्येक वेळी सामान किल्ल्यात सांडलेलं, ते आणायला जाताना तिसराच कुणी अंगावर यायचा. ब्लेझवर स्नोबॉल चालतो हे मी एका व्हिडिओत ओझरतं ऐकलं होतं, ते त्याला सांगितलं. ‘मावशी, तू गाजरं बघ,’ असं उत्तर मिळालं. त्याला दोष नाही. सगळा खेळ हातात धारदार काहीतरी घ्या असं शिकवतो. बर्फाचा गोळा घेऊन अग्निराक्षसापुढे उभं राहणं कुणाला पटेल?

हिशेब मात्र सरळ आहे. ब्लेझचे दहा हार्ट. एका स्नोबॉलने दीड हार्ट जातात. सात स्नोबॉलमध्ये तो संपतो. धनुष्यासारखं ताणायचं नाही, बटण दाबलं की गोळा सुटतो.

इथेच बरेच जण फसतात. बटण दाबून धरलं की गोळे मशीनगनसारखे सुटतात, तसे ते सोडले की ब्लेझ मरत नाही आणि माणूस म्हणतो, यात काही दम नाही. या खेळात मार लागल्यावर प्राण्याला साधारण अर्धा सेकंद अभय असतं. तेवढ्या वेळात तशाच ताकदीचा दुसरा मार लागला तरी मोजला जात नाही. त्यामुळे स्नोबॉल तालात फेकायचे, अर्ध्या सेकंदाला एक. पहिला ते सातवा, तीन सेकंद. आणि ब्लेझ तीन गोळे सोडून झाले की साधारण पाच सेकंद गप्प बसतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा मला फार बरं वाटलं. भिंतीआड उभं राहायचं, तीन गोळे जाऊ द्यायचे, बाहेर यायचं आणि नेमाने सात हाणायचे. एखादा चुकला तरी वेळ उरतो.

बर्फ गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बाहेर पंचेचाळीस अंश आणि मी फावड्याने बर्फ उपसतेय. फावडं लागतंच, नुसत्या हाताने बर्फ फोडला तर काही मिळत नाही. अडचण वेगळीच निघाली. खिशाच्या एका घरात स्नोबॉल फक्त सोळा मावतात, म्हणजे जेमतेम दोन ब्लेझ. सगळे खिसे गोळ्यांनी भरले तर खायला काय न्यायचं? उपाय धाकटीने काढला, घराच्या भिंतीसाठी ती बर्फाच्या विटा बनवत होती म्हणून. चार गोळ्यांचा एक ठोकळा होतो. ठोकळे एका घरात चौसष्ट मावतात. ते नेदरमध्ये न्यायचे, तिथे जमिनीवर ठेवायचे, फावड्याने फोडायचे, प्रत्येकातून चार गोळे परत. एका घरात दोनशे छप्पन्न स्नोबॉल! नेदरच्या उष्णतेत ठोकळा वितळत नाही. पाण्याची वाफ होते आणि बर्फ टिकतो, याचं भौतिकशास्त्र मला विचारू नका.

पुढे आम्ही पाइनच्या जंगलात एक हिममानवही बांधला. दोन ठोकळे एकावर एक, वर कोरलेला भोपळा. तो उभा असतो तिथे थंड प्रदेशात पायाखाली बर्फ साचतो. आपण उपसत राहायचं, तो साचवत राहतो. त्याच्या डोक्यावर छप्पर मात्र हवं, पावसात तो मरतो. वाळवंटात तर उभाच राहत नाही. आमचा कुंपणात बंद होता आणि धाकटी त्याला रोज जाऊन ‘सॉरी’ म्हणायची.

भाचा शेवटी स्नोबॉलकडे वळला तो मी दोन कांड्या आणून पेटीत ठेवल्यावर. मग त्याने त्यात स्वतःची भर घातली, आणि ती खरंच चांगली होती: उजव्या हातात तलवार, डाव्या हातात स्नोबॉल. तलवारीचं बटण वेगळं, फेकायचं वेगळं, त्यामुळे लांब असेल तर गोळा आणि अंगाशी आला तर तलवार. आमच्या जावा आवृत्तीत हे जमतं. ब्लेझ निघतात त्या पिंजऱ्यापासून सोळा ब्लॉकांहून लांब गेलं की नवे निघणं थांबतं, हेही त्यानेच हेरलं. दमलो की मागे सरकायचं, ठोकळे फोडायचे, पुन्हा पुढे.

स्नोबॉलची बढाई मारायची म्हणून तो धनुष्यापेक्षा सरस आहे असं मी म्हणणार नाही. चांगली जादू केलेलं धनुष्य हाती आलं आणि आगीचं औषध तयार झालं की बर्फ उपसत बसायचं कारण उरत नाही. त्याच किल्ल्यात विदर सांगाडे फिरतात, त्यांना स्नोबॉल नुसता ढकलतो. अरुंद पुलावर तेवढंही पुष्कळ, पण ते मेले असं समजून जवळ जाऊ नये. स्नोबॉलचे दिवस म्हणजे अंगावर लोखंड आहे आणि हाताशी बाकी काहीच नाही, तेवढेच. पण नेमके तेच दिवस कठीण असतात.

उरलेले ठोकळे आम्ही ड्रॅगनच्या दुनियेत घेऊन गेलो. तिथे दहा खांबांवर ड्रॅगनला बरं करणारे स्फटिक असतात आणि कुठलाही फेकलेला गोळा लागला की ते फुटतात, स्नोबॉलसुद्धा. दोन स्फटिक लोखंडी जाळीत असतात. फार उंच खांबांपर्यंत बर्फ पोचत नाही, तिथे बाणच लागतात. ठेंगण्या खांबांचं काम भाच्याने स्नोबॉलवर भागवलं. ड्रॅगनला मात्र स्नोबॉलने काहीच होत नाही. ते त्याने सगळ्यात आधी फेकून पाहिलं होतं.