गोल दांड्याची पलीकडची बाजू

फळीला बाजू असते. वरची कोणती, खालची कोणती हे तिला विचारावं लागत नाही. गुण्या लावा, फुली मारा, भोक पाडा. गोल दांड्याचं तसं नाही. जिकडून पाहावं तिकडून तो सारखाच, आणि हात लावला की लोळायला तयार. त्याच्या अंगावरची फुली नेमकी माथ्यावर आहे की जराशी कलती, हे डोळ्याला कळत नाही. ड्रिलच्या बिटाला मात्र लगेच कळतं. टोक टेकलं की ते उतार शोधतं आणि गुळगुळीत सागवानावर ओरखडा काढत बाजूला घसरतं.

आमच्या माळ्यावर जुन्या पलंगाचे मच्छरदाणीचे दांडे पडून होते. कातावर उतरवलेले, ३२ मिलिमीटर जाडीचे, हात लागून लागून काळपट चकाकी आलेले. नातीला आंब्यावर चढायला दोरीची शिडी हवी होती. दांडे कापले की पायऱ्या तयार. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांशी एकेक भोक, त्यातून दोरी, खालून गाठ. दोरी १० मिलिमीटरची, म्हणून भोक ११ चं, दांड्याच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. याहून मोठं भोक मी पाडलं नसतं. पोरीचं वजन ते काय, पण शिडी दिसली की मोठ्या माणसांनाही मोह आवरत नाही.

आधी रेघ. पुस्तकांच्या रॅकचा एक लोखंडी अँगल घरात होता. तो दांड्यावर पालथा घातला की त्याच्या दोन्ही बाजू गोलाईला टेकतात आणि कड आपोआप दांड्याच्या लांबीशी समांतर राहते. कडेला लावून पेन्सिल ओढायची. दोन्ही भोकं या एकाच रेघेवर आली पाहिजेत, नाहीतर दोऱ्या ताणल्या गेल्यावर पायरी पिळवटते. पलीकडच्या बाजूची खूण कागदाच्या पट्टीने करायची. पट्टी दांड्याभोवती गुंडाळून टोक जिथे पुन्हा भेटतं तिथे कापायची आणि मधोमध घडी घालायची. पट्टी परत गुंडाळली की टोक अलीकडच्या खुणेवर, घडी बरोबर तिच्या समोर. परीघ नको, व्यास नको, पाय नको. भूमितीच्या तासाला कुणी हे दाखवलं असतं, तर त्या विषयावर मी इतकी वर्षं रुसून बसले नसते.

दांडा धरायला फळीत ‘व्ही’सारखी लांब खाच लागते. ती आमच्या मिस्त्रींनी पाडून दिली. खाचेत दांडा दोन्ही उतारांवर टेकतो आणि त्याचं लोळणं थांबतं. पण दोन उतारांवर टेकला याचा अर्थ तळाशी तो अधांतरी आहे, आणि बिट बाहेर पडणार तेही त्याच तळातून. लाकूड बहुतेक वेळा फाटतं ते बिट शिरताना नव्हे, बाहेर पडताना. शेवटचा पातळ पापुद्रा कापला जाण्याऐवजी ढकलला जातो. खाली आधार नसला की तो ढलपीसकट सुटतो. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीने धावतात, म्हणून ढलपीही लांबच लांब निघते. पायरीवर पोराचा अनवाणी पाय पडायचा असतो, तेव्हा अशी कुसळं परवडत नाहीत.

“काकू, एका दमात आरपार जायचं नाही,” मिस्त्री म्हणाले. त्यांचं बिट खास लाकडाचं होतं, मधे अणकुचीदार टोक आणि कडेला दोन धारदार कोपरे. टोक जागा धरतं, कोपरे भोकाची कड आधी कापून घेतात आणि मगच आतलं लाकूड उचललं जातं. गोलाईवर हे कोपरे सुरुवातीला पूर्ण टेकत नाहीत. दांड्याच्या लांबीच्या दिशेने ते आधी लागतात, आडव्या बाजूंना मागून. त्यामुळे पहिले काही वेढे मशीन थडथडतं. तेवढा वेळ दाब द्यायचा नाही, बिटाला आपणहून उतरू द्यायचं. एकदा पूर्ण वर्तुळ कापलं गेलं की आवाज बदलतो, थडथड जाऊन घरघर सुरू होते आणि सागाच्या भुशाचा तो तेलकट, कडसर वास वर येतो. मग खालून टोक डोकावेपर्यंतच जायचं. थांबायचं. दांडा उलटा करायचा आणि त्या टिकलीएवढ्या छिद्रात टोक बसवून उरलेलं भोक तिकडून पाडायचं. टोक कागदाच्या घडीने केलेल्या खुणेवरच निघालं, तर मशीन सरळ उभं होतं. ही परीक्षा मला फार आवडते. तिच्यात आपला आत्मविश्वास जमेस धरत नाहीत.

दोन्हीकडून भोक पाडण्याची ही रीत फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी लालसर अकीकाचे बोटभर लांब मणी दोन्ही टोकांकडून भोकं पाडून मधे जुळवले. चार हजारांहून अधिक वर्षांनी आपण त्यांतले काही मणी तपासतो, तर दोन भोकं जिथे भेटली तिथे बारीकशी पायरी सापडते. गुजरातेतल्या खंबातचे मणी घडवणारेही परंपरेने मण्याला दोन्ही बाजूंनीच भिडत आले आहेत. बासरी करणाऱ्यांचा मार्ग निराळा. बांबू चिरतो म्हणून ते तापलेल्या सळईने भोकं जाळून काढतात.

आमच्याकडच्या सुतारांचा सामता मी लहानपणी पाहिला आहे. दोरी गुंडाळलेली दांडी, आडवी कमान, पुढे-मागे, पुढे-मागे. प्रत्येक फेरीला बिट उलटं फिरायचं, त्यामुळे त्याची धार दोन्ही अंगांनी घासलेली असे. विजेच्या मशीनपुढे तो हळू खरा, पण लाकूड फाटायच्या आत हाताला खबर लागायची. माझ्या मशीनला तसा मंद वेग आहे, आणि शेवटच्या पापुद्र्याला मी तोच वापरते.

भोकांच्या कडा पॉलिश पेपरने किंचित मारल्या, कारण धारदार कड दोरीला रोज थोडं थोडं कापते. दोरीची टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली. शिडी आता आंब्याला आहे. वरच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर नातीच्या मते जास्त आहे. गाठी सोडून ते कमी करता येईल; भोकांना हात लावायचं कारण नाही.